लेकीच्या कॉलेजकडून ‘सॅप’चा मेल आलाय, आर्थिक मदत बंद होईल का? सल्ला हवा

परसबाग
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आम्ही अमेरिकेत आहोत, ग्रीन कार्डवर. लेक स्टेट युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला गेलीय. दरवर्षी फाफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) भरतो. तिला थोडी पेल ग्रँट (परत न करायचं सरकारी अनुदान), थोडं फेडरल कर्ज आणि कॉलेजची एक मेरिट स्कॉलरशिप असं मिळून जमतं. पहिलं वर्ष तिला जड गेलं. कॅल्क्युलसमध्ये एफ (नापास), शिवाय केमिस्ट्री आणि आणखी एक विषय मध्येच सोडला. यातलं आम्हाला काहीही सांगितलं नव्हतं. काल रात्री रडत फोन आला आणि पाठोपाठ कॉलेजचा मेल फॉरवर्ड झाला. ‘सॅटिस्फॅक्टरी अकॅडेमिक प्रोग्रेस’चे (सॅप, म्हणजे मदत चालू राहायला लागणारी अभ्यासातली प्रगती) निकष पूर्ण होत नाहीत म्हणे. मेल मे महिन्यातला! बाईसाहेबांनी उघडला आता, सेमिस्टर सुरू झाल्यावर.

सकाळी उठून फायनान्शियल एड ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं, विद्यार्थिनीच्या लेखी परवानगीशिवाय आम्ही काही बोलू शकत नाही. बिलं आम्ही भरायची आणि विचारायचंही नाही?

मदत बंद होईल का? आणि ती या वेळीही केमिस्ट्री सोडायचं म्हणतेय, सोडू द्यावं का? जाणकारांनी प्लीज सांगा. डोकं चालत नाहीये.

रविवारची_झोप
आधी चहा घ्या. मग मेल पुन्हा वाचा आणि त्यात ‘वॉर्निंग’ लिहिलंय की ‘सस्पेन्शन’ ते सांगा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चिंचेची_गोळी
सोडू दे की केमिस्ट्री. डब्ल्यू (विषय सोडल्याची नोंद) आला तर जीपीए (ग्रेडची सरासरी) बिघडत नाही. आमच्या मुलाने दोन विषय सोडले होते, काही झालं नाही.

मधली_सुट्टी
चिंचेची_गोळी, क्षमस्व, पण हा सल्ला अर्धाच बरोबर आहे आणि उरलेला अर्धा महागात पडतो. मी एका कॉलेजच्या एड ऑफिसात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सॅपमध्ये तीन गोष्टी बघतात. एक जीपीए, साधारण २.० लागतो. दुसरी गती, म्हणजे जेवढी क्रेडिट्स (विषय मोजायची एककं) घेतली त्यातली किती पूर्ण केली. ही बहुतेक ठिकाणी ६७ टक्के लागते. तिसरी कमाल मर्यादा: पदवी १२० क्रेडिटची असेल तर १८० क्रेडिट्स घेऊन होईपर्यंतच फेडरल मदत, म्हणजे दीडपट. डब्ल्यू जीपीएत येत नाही हे खरं, पण गतीच्या हिशेबात ‘घेतलं पण पूर्ण केलं नाही’ म्हणून बसतोच. एफ दोन्हीकडे मारतो. मुलं अकॅडेमिक ॲडव्हायझरला विचारतात, तो जीपीएकडे बघून ‘सोड’ म्हणतो. त्याचंही चुकत नाही, त्याचं काम ते आहे. पण विषय सोडायच्या आधी दुसरं दार ठोठवायचं असतं ते एड ऑफिसचं, आणि तिथे कोणी जात नाही.

परसबाग ताई, लेकीच्या पोर्टलवरून दोनच आकडे घ्या: अटेम्प्टेड किती, कम्प्लीटेड किती.

परसबाग
धन्यवाद. मेल पुन्हा वाचला. ‘वॉर्निंग’ आहे. चहा घेतल्यावर दिसलं. :)
अटेम्प्टेड ३०, कम्प्लीटेड १९. जीपीए २.३४.

मधली_सुट्टी
मग श्वास घ्या. १९ भागिले ३० म्हणजे ६३ टक्के, गतीत अडकली, जीपीएत नाही. वॉर्निंगच्या सेमिस्टरला मदत चालू राहते, अपीलही लागत नाही. ही सवलत फक्त दर सेमिस्टरला सॅप तपासणाऱ्या कॉलेजांना देता येते. वर्षातून एकदा तपासणाऱ्यांकडे वॉर्निंग नाही, थेट मदत थांबते आणि अपील करावं लागतं. तुमचं नशीब बरं.

आता या सेमिस्टरचं गणित. समजा तिने १५ क्रेडिट्स घेतली आहेत. सगळी पास झाली तर ३४/४५, म्हणजे ७६ टक्के, सुटली. चार क्रेडिटची केमिस्ट्री मध्येच सोडली तर ३०/४५, म्हणजे ६६.६७. इथे गंमत बघा, कॉलेजच्या नियमात ‘६६.६७’ लिहिलं असेल तर पास, ‘६७’ लिहिलं असेल तर नापास. दोन्ही प्रकारची कॉलेजं आहेत. एवढ्या धारेवर चालायचं कशाला?

सोडायचंच असेल तर ॲड-ड्रॉपच्या (सुरुवातीला विषय बदलायच्या) मुदतीत. तेव्हा सोडलेला विषय नोंदीतच राहत नाही. मुदत संपली की डब्ल्यू. फरक एका दिवसाचा, परिणाम वर्षभराचा.

पण मुदतीतसुद्धा १२ क्रेडिट्सच्या खाली जाऊ नका. २०२४-२५ पासून पेल ग्रँट घेतलेल्या क्रेडिटच्या प्रमाणात मोजतात. १२ ला पूर्ण, ११ ला ९२ टक्के, ९ ला ७५. आणि मेरिट स्कॉलरशिप बहुतेक वेळा पूर्णवेळ विद्यार्थ्यालाच असते. ६ च्या खाली गेलं तर फेडरल कर्जही मिळत नाही, उलट आधीच्या कर्जाची सहा महिन्यांची ग्रेस (हप्ते सुरू होण्याआधीची मुदत) सुरू होते.

बोरकूट
मधली_सुट्टी, उत्तम प्रतिसाद. एक भर घालतो. परसबाग, मेरिट स्कॉलरशिपचा नियम वेगळा वाचा. फेडरल, राज्य आणि कॉलेज ही तीन वेगळी खाती आहेत, तिघांचे तीन नियम. एकात पास म्हणजे तिन्हींत पास असं नसतं. जॉर्जियाच्या होप स्कॉलरशिपला ३.० जीपीए लागतो. इंडियानाच्या ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्कॉलर्सना वर्षाला ३० क्रेडिट्स पूर्ण करावी लागतात. तुमच्या लेकीचा २.३४ सॅपला चालतोय, मेरिटला चालेल असं मला वाटत नाही. ते पत्र कदाचित वेगळ्या मेलमध्ये पडलं असेल. न उघडलेल्या.

परसबाग
पोटात गोळा आला. बघायला सांगते.

तिसरी_घंटा
माझी स्वतःची गोष्ट सांगतो, म्हणजे ‘सगळंच सोडून पुढच्या वर्षी नव्याने सुरू करू’ असा विचार कोणाच्या डोक्यात आला तर थांबेल.

मी अंडरग्रॅडला असताना आजारी पडलो आणि पाचव्या आठवड्यात सगळे विषय एकदम सोडले. सेमिस्टर ११० दिवसांचं, मी गेलो तो ३३ वा दिवस. म्हणजे ३० टक्के. नियम असा की सगळं सोडलंत तर जेवढे दिवस शिकलात तेवढीच फेडरल मदत ‘कमावली’. साठ टक्के सेमिस्टर ओलांडलं की पूर्ण कमावली. माझी त्या सेमिस्टरची मदत २,००० डॉलर पेल आणि २,७५० कर्ज, एकूण ४,७५०. त्यातले १,४२५ माझे, उरलेले ३,३२५ कॉलेजने सरकारला परत केले. आधी कर्जाचे सगळे, मग पेलमधले ५७५. वरकरणी बरं वाटतं, कर्ज फिटलं की! पण कॉलेजची फी परत मिळायची मुदत केव्हाच संपली होती. त्यामुळे फी पूर्ण लागू, मदत गायब, आणि कॉलेजचं ३,३२५ डॉलरचं बिल माझ्या नावावर. ते भरेपर्यंत पुढच्या सेमिस्टरला नोंदणी बंद. दीड वर्ष दुकानात काम करून फेडलं. फॉर्म भरून घेणाऱ्या काउंटरवर यातलं एक अक्षर कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एक विषय सोडला तर हा हिशेब लागत नाही, हे मुद्दाम सांगतो. सगळे सोडले तरच. न सांगता वर्गाला जाणं बंद केलं आणि सगळीकडे एफ आले, तरी कॉलेज त्याला सोडूनच गेला असं धरू शकतं.

निंबोणी
बाप रे. यातलं काहीच माहीत नव्हतं. माझा मुलगा अजून अकरावीत आहे, धागा वाचनखुणांत टाकलाय.

थोडं अवांतर: आमचा भारतात भाड्याने दिलेला फ्लॅट आहे. फाफ्सात दाखवायचा का? एका सल्लागाराने ‘इथे कोणाला कळणार’ म्हणून सांगितलं. वर फॉर्म भरायचे चारशे डॉलर मागतोय.

बोरकूट
निंबोणी, दोन्ही गोष्टींना नाही म्हणा. फाफ्साच्या नावातलाच पहिला एफ ‘फ्री’चा आहे, पैसे कसले? फ्लॅट दाखवायचा. राहतं घर फाफ्सा विचारत नाही, निवृत्तीची खातीही नाहीत. पण भाड्याने दिलेली मालमत्ता ही गुंतवणूक, मग ती जगात कुठेही असो. सहीच्या वरचा मजकूर वाचा: जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर २०,००० डॉलरपर्यंत दंड, तुरुंग किंवा दोन्ही. सही तुमची आणि मुलाचीही असते. सल्लागाराची नसते.

शिवाय पालकांची मालमत्ता हिशेबात फार तर ५.६४ टक्के धरतात, मुलाच्या नावावरची २० टक्के. त्यामुळे लपवून वाचतं त्यापेक्षा आजी-आजोबांनी नातवाच्या खात्यात टाकलेले पैसेच जास्त नडतात. काही खाजगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइलही (कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठीचा वेगळा अर्ज) मागतात, तिथे राहतं घरसुद्धा विचारू शकतात.

चिंचेची_गोळी
माझा सल्ला मागे घेते. आमच्या चिरंजीवांचा पोर्टल काल बघायला लावला, ७१ टक्के. काठावरून वाचलाय. :(

एच-४ (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) वरच्या मुलांचं काय? भाचीसाठी विचारतेय.

मधली_सुट्टी
एच-४ ला फेडरल मदत नाही, एफ-१ लाही (विद्यार्थी व्हिसा) नाही. कॉलेजची स्वतःची मदत मिळू शकते. ती कॉलेजागणिक विचारावी लागते.

परसबाग ताई, फोनवरच्या बाईंवर रागावू नका. फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे. कॉलेजात पाऊल टाकलं की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क मुलांचा होतो, वय कितीही असो. बिल कोण भरतं याने तो बदलत नाही. लेकीने पोर्टलवर परवानगी दिली तर तुमच्याशीही बोलतील. पण माझं ऐकाल तर या वेळी तिलाच जाऊ द्या. कर्जाच्या प्रॉमिसरी नोटवर सही तिची आहे, काउन्सेलिंगची ती ऑनलाइन पानं ‘पुढे, पुढे’ करत तिनेच दाबलीत. आमच्याकडे आईवडील बोलायचे आणि मूल शेजारी फोनमध्ये डोकं घालून बसायचं. पुढच्या सेमिस्टरला तेच मूल तोच प्रश्न घेऊन परत.

तिला चार गोष्टी विचारून यायला सांगा. गतीचा नेमका आकडा ६६.६७ की ६७. मेरिटची अट. या सेमिस्टरचे सगळे विषय तिच्या पदवीत मोजले जातात का, कारण पदवीला न लागणाऱ्या विषयांची क्रेडिट्स फेडरल मदतीसाठी धरत नाहीत. आणि चौथी, तिला कोणत्या वर्षात धरलंय. हे फार कोणाच्या लक्षात येत नाही. पहिल्या वर्षाला फेडरल कर्ज ५,५०० पर्यंत, दुसऱ्याला ६,५००. पण ‘दुसरं वर्ष’ कॅलेंडरवर नसतं, क्रेडिटवर असतं. बऱ्याच ठिकाणी ३० पूर्ण लागतात. तिची १९ आहेत. म्हणजे हजार डॉलर कमी पडण्याची तयारी ठेवा.

तिसरी_घंटा
आणि मदत खरंच थांबली तर अपीलचं पत्र मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघून देईन. एक पान पुरतं. काय झालं, त्याचा कागद, आणि आता काय बदललंय. बहुतेक मुलं पहिल्यावरच दीड पान रडतात आणि तिसरं लिहायला विसरतात.

परसबाग
अपडेट देतेय, उशीर झाला.

लेक गेली. एकटी. पाऊण तास बसली म्हणे. त्यांच्याकडे नियम ६७ चाच आहे, ६६.६७ चालत नाही. बोरकूट, तुमचा अंदाज खरा ठरला. मेरिटला ३.० लागतो, तो मेल जूनमध्ये येऊन पडला होता. स्कॉलरशिप या वर्षी थांबलीय, जीपीए वर आला तर पुढच्या वर्षी परत मागता येईल. कॅल्क्युलस पुन्हा घेतलाय, त्यांच्याकडे नवा ग्रेड जुन्या एफच्या जागी बसतो. (गतीत मात्र दोन्ही वेळची क्रेडिट्स मोजतात, हे तिनेच मला सांगितलं.) कर्ज ५,५०० वरच राहिलं, तेही बरोबर निघालं.

गंमत म्हणजे १५ पैकी ३ क्रेडिटचा एक विषय तिच्या पदवीला लागतच नव्हता, मैत्रिणी घेतायत म्हणून घेतलेला. त्यावर तशीही मदत धरली नव्हती. तो मुदतीत सोडला, आता १२ वर आहे. सगळं पास झालं तर ३१/४२, म्हणजे ७४ टक्के. केमिस्ट्री सोडली तर ६४. हे गणित तिने ऑफिसमधल्याच एका पिवळ्या कागदावर करून मला फोटो पाठवलाय. खाली लिहिलंय, ‘आई, आता तू फोन करू नकोस.’

केमिस्ट्रीची शिकवणी मंगळवारपासून लावलीय. कॉलेजच्या ट्युटरिंग सेंटरमध्ये, फुकट आहे. हेही गेल्या वर्षी माहीत नव्हतं.