मदत हवी आहे : हेरिटेज समितीकडून खिडक्यांची फाइल परत आली, पावसाआधी काम उरकायचंय

झरोका७
समितीकडून फाइल परत आली. शेरा : ‘तपशील अपुरा, साहित्य मूळ बांधकामाशी विसंगत’. रस्त्याकडच्या सहा खिडक्या आणि गॅलरीचा कठडा बदलायचाय, एवढंच काम. खिडक्या कुजल्यात. अॅल्युमिनियम स्लायडिंगच्या दोन बसवूनही झाल्या. अर्जात नक्की काय लिहू म्हणजे मंजुरी मिळेल? घाई आहे, कृपया लवकर सांगा.

वळचण
शहर कोणतं? इमारत स्वतंत्रपणे यादीत आहे की फक्त वारसा परिसरात येते? श्रेणी? तुम्ही मालक की भाडेकरू? चारही गोष्टींवर उत्तर बदलतं.

कसबेकर
पुण्यात असाल तर आधी शनिवारवाड्यापासूनचं अंतर मोजा. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनंतर केंद्र-संरक्षित स्मारकापासून 100 मीटर निषिद्ध क्षेत्र आणि त्यापुढचे 200 मीटर विनियमित. निषिद्ध पट्ट्यात नवं बांधकाम नाही. जुन्याच्या दुरुस्तीलाही ना-हरकत लागते आणि ती हेरिटेज समिती देत नाही.

झरोका७
मुंबई, गिरगाव. पागडीची जागा. श्रेणी माहीत नाही. दुरुस्तीला श्रेणी कशाला लागते?

वळचण
लागते. 1995 च्या नियमावलीपासून हीच विभागणी आहे, आता ती 2034 पर्यंतच्या आराखड्याच्या विकास नियमावलीत विनियम 52 खाली येते. श्रेणी १ मध्ये वास्तू टिकवण्यासाठी आवश्यक तेवढाच बदल. २-अ मध्ये आतले बदल चालतात, बाहेरच्यांची कडक छाननी. २-ब मध्ये त्याच आवारात जोडबांधकामालाही वाव. श्रेणी ३ आणि परिसरातल्या इमारतींना बरीच मोकळीक, पण रस्त्यावरून दिसणारा दर्शनी भाग तिथेही पाहिला जातो.

पागडी असेल तर मालकाची सही किंवा ना-हरकत फाइलला जोडा. आणि उरलेल्या चार खिडक्यांना हात लावू नका. परवानगीविना सुरू असलेल्या कामावर महापालिका अधिनियमाच्या कलम 354-अ ची काम थांबवण्याची नोटीस येऊ शकते.

नवं_घर
कशाला डागडुजी? इमारत 1 सप्टेंबर 1940 पूर्वीची असेल तर ‘अ’ गटातली उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत. सगळे भाडेकरू एकत्र या आणि विकास नियमावलीच्या 33(7) खाली पुनर्विकासाला जा.

रंधा
प्रश्न सहा खिडक्यांचा आहे, पुनर्विकासाचा नाही.

झरोका७, पूर्ण खिडकी क्वचितच कुजते. चौकटीचा खालचा आडवा (आडवं लाकूड) आणि झडपेची खालची पट्टी, जिथे पाणी साचतं, तेवढीच जाते. टोच्याने टोचून पाहा आणि लाकूड जिथे घट्ट लागेल तिथे खूण करा. कुजका भाग त्या खुणेच्या दोन इंच पुढपर्यंत कापा. जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा, सांध्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या निदान दुप्पट. पाण्यात टिकणारा गोंद, लाकडी खुंट्या किंवा पितळी स्क्रू. लोखंडी खिळा गंजला की फुगतो आणि लाकूड फाडतो. खालच्या आडव्याला बाहेरच्या बाजूस उतार द्या आणि त्याच्या पोटाला आठ-दहा मिलिमीटरची खाच मारा, म्हणजे पाणी भिंतीकडे न वळता तिथूनच गळतं. ही खाच रंगाने बुजली की कूज परत सुरू.

पक्कंकाम
इतका खटाटोप करण्यापेक्षा लाकडी रंगातल्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) खिडक्या लावा. वाळवी नाही, रंगकाम नाही.

रंधा
फोटोत चालतील, छाननीत नाही. यूपीव्हीसीची चौकट जाड असते, तावदानं लहान होतात, दर्शनी भागाच्या रेषाच बदलतात. शिवाय स्लायडिंगची अर्धीच खिडकी उघडते. झिलमिलीची (तिरप्या पट्ट्यांची) झडप भर पावसातही बंद ठेवून वारा घेते. गिरगावच्या जुन्या घरांना हीच खिडकी हवी.

वळचण
फाइलसाठी : दर्शनी भागाचं सध्याचं आणि प्रस्तावित रेखाचित्र एकाच प्रमाणात, 1:50. एका खिडकीचा तपशील 1:10, उभ्या छेदासह. प्रत्येक खिडकीला क्रमांक, तोच क्रमांक फोटोवर. कोणता भाग ठेवणार, कोणता जोडणार, कोणता नवा, हे तीन रंगांत दाखवा. ‘खिडक्या बदलणे’ असं लिहू नका, ‘मूळ नमुन्याप्रमाणे दुरुस्ती’ लिहा आणि कामही तसंच करा. लावलेल्या दोन अॅल्युमिनियम खिडक्या लपवू नका, त्या काढणार असं लिहून द्या.

झरोका७
त्या दोन सिमेंटने पक्क्या केल्यात. भिंत चुन्याची आहे. काढताना तुटेल ना?

चुन्याची_घाणी
हातोडा नको. आधी चौकटीचे स्क्रू पात्याने कापा, मग चौकट आत ओढा. सिमेंट छिन्नीने थोडं थोडं काढा. ते राहू देऊ नका, चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते, सिमेंट ती अडवतं आणि शेजारचं लाकूड कुजतं. भराव एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग वाळू, थोडी सुरखी (विटांची भुकटी). एका थरात 10-12 मिलिमीटरच्या वर नाही. पहिला थर घट्ट झाल्यावरच दुसरा. ओलं गोणपाट लावून ठेवा.

पक्कंकाम
पाऊस आला तर चुना वाळेल का?

चुन्याची_घाणी
धो धो पावसात नाही. म्हणूनच चुनाकाम पावसानंतर. तोवर बाहेरून ताडपत्री.

झरोका७
ठीक. पण कठडा लाकडी नाही, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) आहे. दोन ठिकाणी तडा गेलाय. वेल्डिंगवाला उद्या येतोय.

रंधा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. उद्याचं थांबवा. बीड नीट तापवल्याशिवाय वेल्ड केलं की सांध्याच्या बाजूला नवी चीर पडते. मागून लोखंडी पट्टी बोल्टने आवळा, मध्ये गंजरोधक लेप. तुकडाच गेला असेल तर शेजारच्या चांगल्या भागावरून साचा करून फाउंड्रीत ओतून घ्या. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून साचा तेवढा मोठा करायला सांगा, नाहीतर बोल्टची भोकं जुळत नाहीत. नक्षीचा सरळ समोरून फोटो टाका, शेजारी मोजपट्टी धरून.