पावसाचं इन्फोग्राफिक करतेय, कच्चं स्केच कुठून सुरू करू?

भूगोलबाई: आठवीसाठी सह्याद्रीच्या पावसाचं पोस्टर करतेय, ए२ साइज. वर्षाची सरासरी, ढोबळ आकडे: कुलाबा २२०० मिमी, महाबळेश्वर ५५००, वाई आणि पुणे ७०० च्या आसपास. कॅनव्हात टेम्प्लेट घेऊन थेंब टाकले, पुण्यापेक्षा महाबळेश्वरचा आठपट उंच, तर तो एवढा अवाढव्य झाला की बाकी काही दिसेचना, त्यात नकाशा, धरणं, महिनावार तक्ता सगळंच कोंबलंय, दोन रविवार गेले आणि आमच्या ह्यांनी बघून विचारलं, ही साबणाची जाहिरात आहे का?

कच्चालिंबू: बाई, आधी लॅपटॉप मिटा. पाठकोऱ्या कागदावर एकच प्रश्न लिहा: महाबळेश्वरहून वाई तीस-पस्तीस किमी, मग पाऊस आठवा हिस्साच का? जे याचं उत्तर देत नाही ते बाहेर. धरणं गेली, तक्ता गेला. मग पत्त्याएवढे सहा चौकोन आखा, प्रत्येकाला दोन मिनिटं, तेही जाड स्केचपेनने, कारण बारीक पेन्सिल हातात आली की आपण ढगाची कड गिरवत बसतो. मजकुराच्या जागी नुसत्या रेघोट्या. पहिले दोन भिकार येतात, येऊ देत.

मला विचाराल तर नकाशाही नको, डोंगर आडवा कापून दाखवा. डावीकडे समुद्र, मधे घाट, पलीकडे पठार. वारा समुद्रावरून बाष्प घेऊन येतो, चढताना गार होतो, सगळं ओझं घाटमाथ्यावर टाकतो आणि उतरताना कोरडा. बाण एकच, पण ठळक. फक्त डोंगर मापात काढायला जाऊ नका, १०० किमी ४० सेंमीत बसवलेत तर साडेतेराशे मीटरचं महाबळेश्वर अर्धा सेंमी येईल! उंची फुगवा आणि कोपऱ्यात तसं लिहा.

आकडेमोडे: थेंब फसला कारण उंची आठपट केली की रुंदीही आठपट होते, म्हणजे क्षेत्रफळ ६४ पट. क्षेत्रफळ आठपट हवं असेल तर उंची साधारण २.८ पटच. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ मध्ये क्रिमियातल्या मृत्यूंच्या आकृत्या काढल्या त्यात क्षेत्रफळच धरलं होतं, पण पोरांना वर्गमूळ डोळ्यांनी दिसत नाही हो. सरळ खांब काढा. १ सेंमी म्हणजे २० सेंमी पाणी धरलं तर महाबळेश्वर साडेसत्तावीस सेंमी, वाई साडेतीन. शेजारी १४० सेंमीची मुलगी उभी करा, ती ७ सेंमी. स्केच ए४ च्या आलेख कागदावर करा, सगळी मापं बरोब्बर निम्मी होतात.

घाटउतार: पण मग पोरांना वाटेल महाबळेश्वरला खरंच दोन मजले पाणी भरतं. 'न वाहता, न मुरता साचलं असतं तर' एवढं खाली लिहाच.

डीटीपीवाली: मराठी ओळींना वरखाली मात्रा-उकार असतात, स्केचमध्येच ऐसपैस जागा सोडा, नाहीतर नंतर फॉन्ट बारीक करत बसाल. आणि प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये बदलून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार करून, पीडीएफ द्या. माझ्या एका पोस्टरवर 'पर्जन्यछाया'तला रफार उडून शेजारच्या अक्षरावर बसला होता, पन्नास प्रती छापून झाल्यावर कळलं 😑

भूगोलबाई: काल आलेख कागदावर काढलं. शेजारच्या पोराला दहा सेकंद दाखवून झाकलं, तर म्हणाला वाईत पाणी मुलीच्या कमरेपर्यंतच का? म्हणजे जमलं म्हणायचं! आता अडलंय एवढंच की कुलाबा आणि पुणं त्या आडव्या छेदात कुठे बसवू, दोन्ही तर बरीच उत्तरेला आहेत.

कच्चालिंबू: बसवूच नका. वाई आहे ना, दोन खांब पुरे.

भूगोलबाई: बरं, दोन्ही वगळते. पुणं माझं सासर आहे, बघू घरी काय ऐकावं लागतंय.