मदत हवी आहे: हॉलंडहून जर्मनीत आलो, डच खातं ठेवावं की बंद करावं?

नमस्कार मंडळी,

चार महिन्यांपूर्वी आम्ही वाल्सहून आखेनला राहायला आलो. वाल्स हॉलंडात, आखेन जर्मनीत, पण दोन्ही गावं इतकी खेटून आहेत की सिटी बसनं ये-जा होते. चलन तिकडंही युरो, इकडंही युरो. त्यामुळे बँकेचं काही बदलावं लागेल हे डोक्यातच आलं नाही. माझा पगार अजून डच खात्यातच येतो.

पहिला दणका बेकरीत बसला. वाल्सच्या सुपरमार्केटात ‘फक्त पिन’ (म्हणजे फक्त कार्ड) अशी पाटी असलेल्या गल्ल्यावर नोट काढली तर घेत नाहीत, म्हणून पाकिटात रोकड ठेवायची सवयच मोडली होती. इथं बाईंनी विचारलं, "ईसी कार्ड आहे का?" मी ऐटीत डच डेबिट कार्ड टेकवलं. यंत्रानं नकार दिला. मागं रांग, पाव पिशवीत भरलेला, आणि मी पर्सच्या तळाशी चिल्लर शोधतेय. ईसी म्हणजे जर्मनांचं स्वतःचं डेबिट कार्ड, जिरोकार्ड, माझं कार्ड मास्टरकार्डवालं, हे घरी आल्यावर कळलं. शिवाय इथं एक-दोन सेंटची नाणीसुद्धा मोजून परत देतात. हॉलंडात 2004 पासून रोखीचा हिशेब जवळच्या पाच सेंटच्या पटीत करतात, त्यामुळे ती नाणी मी विसरूनच गेले होते.

असो, चिल्लर जमवता येते. खरी अडचण पुढं आहे.

विजेच्या कंपनीचा ऑनलाइन फॉर्म. आयबॅनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाच्या, रकान्यात जर्मनीचं ‘डीई’ आधीच छापलेलं आणि पुढं फक्त आकडे घेतो. जर्मन आयबॅन 22 अक्षरांचा, माझा ‘एनएल’वाला 18 चा, त्यातही मध्ये बँकेची चार अक्षरं. फॉर्म म्हणतो ‘अवैध’. फोन केला तर "परदेशी खातं चालत नाही, जर्मन खातं उघडा."

दुसरं म्हणजे यांची पैसे घ्यायची तऱ्हा. हॉलंडात आयडीलवर काम व्हायचं: वस्तू निवडा, बँकेचं ॲप उघडतं, मान्यता द्या, विषय संपला. पैसे मी ढकलायचे. इथं एकतर ‘तुमचा आयबॅन द्या, आम्हीच काढून घेऊ’ नाहीतर चक्क उधारी. मागच्या आठवड्यात बूट मागवले, खोक्यात बूट आणि वर बिल, 14 दिवसांत भरा! ‘आज रोख, उद्या उधार’च्या नेमकं उलट. मला वाटलं त्यांची काहीतरी चूक झाली, म्हणून दोन दिवस बूट घातलेच नाहीत.

नवरा म्हणतो, एकच जर्मन खातं ठेवू, कटकट नको. त्यानं इथं उघडलंय, पण त्याची बँक आयडीलच्या यादीत नाही आणि तिकडच्या मैत्रिणी प्रत्येक जेवणानंतर टिकीची, म्हणजे आपला वाटा आयडीलनं भरायची, लिंक पाठवतात. माझे प्रश्न:

विजेवाले डच खातं नाकारू शकतात का? आणि अनोळखी दुकानाला खात्यातून पैसे काढायची परवानगी देणं कितपत सुरक्षित?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद 1

नाही नाकारू शकत. युरोपीय नियमावली 260/2012, कलम 9. युरोतल्या थेट वसुलीसाठी (खात्यातून परस्पर पैसे काढून घेण्यासाठी) खातं अमुक देशातच हवं अशी अट घालता येत नाही. 2019 साली युरोपीय न्यायालयानं तर डॉइच बान या जर्मन रेल्वेची ‘ग्राहक जर्मनीतच राहणारा हवा’ ही अटही बेकायदा ठरवली. फोनवर वाद घालू नका, तिथल्या माणसाला हे माहीत नसतं. लेखी पाठवा, कलमाचा क्रमांक घाला. तरी ऐकलं नाही तर वेटबेवेर्ब्सत्सेंट्राले ही संस्था अशा तक्रारी घेते.

प्रतिसाद 2

ताई, ‘लास्टश्रिफ्ट’ला, म्हणजे या थेट वसुलीला, घाबरू नका. पैसे कापले गेल्यापासून आठ आठवड्यांत कारण न देता परत मागता येतात. परवानगी न देताच कुणी काढले असतील तर 13 महिने मुदत. माझ्या ॲपमध्ये त्या नोंदीवर बोट ठेवलं की परतीचं बटण येतं. आयडीलनं एकदा गेलेले पैसे असे ओढून आणता येत नाहीत, हे लक्षात घ्या.

पण एक शहाणपण सांगतो, स्वतः शिकलोय म्हणून. जिमवर चिडून मी हप्ता परत ओढला. करार चालूच होता, त्यामुळे देणं काही फिटलं नाही. वर परतीचा दंड, मग स्मरणपत्र, मग वसुलीवाल्यांचं पत्र. घर भाड्यानं घेताना इथं शुफा या उधारी-परतफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा उतारा मागतात, तिथं असलं काही चिकटलं की निस्तरत बसा. आधी करार मोडा, मग पैशाचं बघा. बुटांचं बिलही तारखेआधी भरून टाका.

प्रतिसाद 3

पगार तिकडं आहे तोवर बंद करू नका. फक्त डच बँकेला नवा पत्ता आणि जर्मन कर क्रमांक कळवा. आयडील पुढं वेरो या युरोपीय पेमेंट सेवेत जाणार आहे आणि वेरो जर्मनीत 2024 पासून आहे, तेव्हा तुमच्या टिकीचा प्रश्नही कधीतरी सुटेल. तोवर दोन खाती. आणि पाकिटात वीसची एक नोट.

धागाकर्ती

सर्वांचे आभार! बिल भरलं, बूट घातले. विजेवाल्यांना कलम 9 घालून मेल केला होता, आज उत्तर आलं: डच खातं चालेल, पण ऑनलाइन नाही, सोबतचा कागद भरून टपालानं पाठवा. कागदावर 22 चौकटी आहेत. शेवटच्या चार रिकाम्या सोडल्यात.