मदत हवी आहे: मुलींचा संघ सतत हरतोय, कोचना काढायचं का? (हॉकी, १७ वर्षांखालील)

नमस्कार मंडळी,

लिहिणं जरा लांबणार आहे, पण येत्या रविवारी कमिटीची बैठक आहे आणि मला तिथे हो किंवा नाही सांगायचंय. हॉकी खेळलेले, शिकवलेले किंवा एखाद्या क्लबच्या कारभारात असलेले कुणी इथे असतील तर कृपया वेळ काढून वाचा.

आमचा खडकी भागातला छोटा क्लब आहे. धनराज पिल्लेचं खडकी, त्यामुळे इथे घराघरात कुणी ना कुणी स्टिक धरलेली असते. मी शाळेत असताना लेफ्ट हाफ खेळायचे, आता क्लबची सचिव आहे. मुलींचा संघ नऊ वर्षांपूर्वी सुरू केला, तेव्हा सरांना घरी जाऊन विनंती करणारी मीच होते. ते नोकरी सांभाळून, नाममात्र मानधनावर रोज पहाटे साडेपाचला मैदानावर येतात. पहिली सहा वर्षं छान गेली. दोन मुली राज्य संघाच्या शिबिरापर्यंत पोचल्या.

गेल्या दोन हंगामांत मात्र आम्ही एकाही स्पर्धेत उपांत्य फेरीच्या पुढे गेलो नाही. यंदा तर तीन स्पर्धांपैकी दोन गटातच संपल्या. शेवटच्या सामन्यात ५-१ असा मार खाल्ला. सामना संपल्यावर सर गोलपोस्टच्या मागे बसून पोत्यात चेंडू मोजून भरत होते. एक चेंडू कमी भरत होता, तर दोन मुली जाळीपलीकडच्या गवतात तो शोधत होत्या. त्याच वेळी आमचे खजिनदार माझ्या शेजारी येऊन म्हणाले, "ताई, आता बदलून टाकू. तुम्ही आणलंत, तुम्हीच सांगा त्यांना." तेव्हापासून झोप नीट नाही.

कमिटीतल्या बहुतेकांचं म्हणणं एकच: निकाल नाही तर कोच नाही, सगळीकडे असंच चालतं. भारतीय संघाचं उदाहरण तर प्रत्येकाच्या तोंडी आहे. म्हणून मी तोच इतिहास नीट आठवून पाहिला, आणि माझा गोंधळ उलट वाढला.

सप्टेंबर २०१७ मध्ये पुरुष संघाचे कोच रोलंट ऑल्टमन्सना काढलं. त्यांच्या जागी महिला संघाचे श्युर्ड मरीने आले. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुष संघ चौथा आला, म्हणून मरीनेंना परत महिला संघाकडे पाठवलं आणि महिला संघाचे हरेंद्र सिंग पुरुष संघाकडे आले. पण त्याच स्पर्धेत महिला संघही चौथाच आला होता! म्हणजे क्रमांक दोघांचा एकच, आणि एकाची खुर्ची गेली ती दुसऱ्याला मिळाली. पुढे भुवनेश्वरच्या विश्वचषकात आपण उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सकडून २-१ ने हरलो आणि जानेवारी २०१९ मध्ये हरेंद्र सिंगही गेले. दीड वर्षाच्या आत तीन माणसं.

आणि हेच मरीने टोकियो ऑलिंपिकला महिला संघ घेऊन गेले. पहिले तिन्ही सामने आपण हरलो: नेदरलँड्स ५-१, जर्मनी २-०, ब्रिटन ४-१. त्या दिवशी आमच्या कमिटीने मत दिलं असतं तर काय झालं असतं, सांगायला नको. त्यानंतर आयर्लंड, दक्षिण आफ्रिका आणि उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला १-० ने हरवून मुली पहिल्यांदाच ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचल्या. शेवटी पुन्हा चौथ्याच. या वेळी मात्र अख्ख्या देशाने डोक्यावर घेतलं.

जिंकूनही माणूस टिकतोच असं नाही. १९९८ ला बँकॉकमध्ये धनराजच्या नेतृत्वाखाली एशियाडचं सोनं आलं. परत आल्यावर धनराजसह काही खेळाडूंना वगळलं आणि प्रशिक्षक एम. के. कौशिक यांनाही बाजूला केलं. हे आमच्या भागात अजून कुणी विसरलेलं नाही.

आता आमच्या संघाबद्दल. मी गेल्या हंगामापासून एक वही ठेवली आहे. प्रत्येक गोल कुठल्या क्वार्टरमध्ये बसला, कसा बसला, एवढंच लिहिते. ती वही काल रात्री पुन्हा वाचली आणि दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या.

पहिली गोष्ट टर्फची, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानाची. आमचा रोजचा सराव मुरुमाच्या मैदानावर होतो. नेहरूनगरच्या टर्फवर आठवड्यातून एकदा, तेही मिळालं तर. स्पर्धा मात्र सगळ्या टर्फवर. मुरुमावर चेंडू कधी उसळेल सांगता येत नाही, म्हणून आमच्या मुली स्टिक उभी धरून चेंडू अडवतात. टर्फवर तोच चेंडू जमिनीला चिकटून सपाट, दुप्पट वेगाने येतो, तिथे स्टिक आडवी, जवळजवळ जमिनीवर झोपवावी लागते. या हंगामात आम्हाला मिळालेल्या शॉर्ट कॉर्नरपैकी (समोरच्यांच्या चुकीमुळे मिळणारी गोलची संधी) निम्म्यांत गोलवर फ्लिक मारायची वेळच आली नाही, कारण डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) टोकावर चेंडू थांबलाच नाही. थांबवणारी मुलगी आमची सर्वांत गुणी खेळाडू आहे. इतक्या वर्षांची सवय आठवड्यातल्या एका तासात कशी मोडणार? १९७५ चा विश्वचषक जिंकलेला आपला देश पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकच्या टर्फवर सातवा आला होता. इथे सरांना दोष द्यायचा की टर्फचं भाडं परवडत नाही म्हणणाऱ्या आम्हा कमिटीवाल्यांना?

दुसरी गोष्ट मात्र सरांचीच आहे, ती मी लपवणार नाही. खाल्लेल्या गोलांपैकी निम्म्याहून जास्त चौथ्या क्वार्टरमधले आहेत. सर त्याच अकरा मुलींना शेवटपर्यंत पळवतात. बदली खेळाडू हव्या तितक्या वेळा आत-बाहेर करता येतात, आता सगळे संघ पाच-सात मिनिटांनी फॉरवर्ड बदलतात. आमच्या बाकावर पाच मुली जर्सी घालून नुसत्या बसून असतात. मी एकदा हळूच विषय काढला तर म्हणाले, "आम्ही सत्तर मिनिटं पळायचो." पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन हाफ जाऊन पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर आले, खेळाचा वेग वाढला, हे त्यांना दिसत नाही असं नाही. पण मान्य करायला जड जातंय. शिवाय हरल्यावर ते दोन-दोन दिवस मुलींशी बोलत नाहीत. बाकावरच्या पाचांपैकी एकीने गेल्या महिन्यात यायचं बंद केलं. तिची आई मला भाजी बाजारात भेटली, म्हणाली, "रोज पहाटे उठून बसायलाच जायचं तर ती झोपलेलीच बरी."

म्हणून विचारते. एखाद्या कोचची चूक किती आणि परिस्थितीची किती, हे तुम्ही कसं ठरवलंत? पुढची स्पर्धा पाच आठवड्यांवर आहे, इतक्या तोंडावर बदल करावा का? आणि काढायचंच ठरलं तर नऊ वर्षं पहाटे साडेपाचला आलेल्या माणसाला ते कुणी, कुठे, कोणत्या शब्दांत सांगायचं? कमिटी एक पत्र पाठवून मोकळी होऊ पाहतेय. ते मला पटत नाही.

जुना गोलकीपर:
ताई, वही ठेवलीत हे फार चांगलं केलंत. बहुतेक कमिट्या स्कोअरबोर्ड बघून मत देतात. मी दोन क्लबांत शिकवलंय आणि एकातून मला काढलंय, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो.

पाच आठवडे आधी अजिबात बदलू नका. २००४ ला अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर भारतीय संघाचे कोच राजिंदर सिंग यांना हटवून जर्मनीचे गेरहार्ड राख यांना आणलं होतं. आपण सातवे आलो. नव्या माणसाला मुलींची नावं पाठ होईपर्यंत स्पर्धा संपलेली असेल. कॉर्नरच्या खुणासुद्धा बदलतात हो.

कोच बदलायचा का, याची माझी खूण एकच. चूक दाखवल्यावर माणूस सरावात काही बदलतो का? हरणं चालतं. आठ महिन्यांपूर्वीचा आणि आजचा सराव जसाच्या तसा असेल तर चालत नाही. पण त्यासाठी आधी चूक स्पष्ट दाखवायला हवी. "हळूच विषय काढला" म्हणता, ते पुरेसं नाही. वही त्यांच्या हातात द्या. चौथ्या क्वार्टरचं पान उघडून द्या आणि गप्प बसा.

मला काढलं तेव्हा मला वॉचमनकडून कळलं. मैदानाची किल्ली मागायला गेलो तर तो म्हणाला, आता दुसऱ्या सरांकडे आहे. तेरा वर्षं झाली, त्या रस्त्याने अजून जात नाही.

विदर्भातली आई:
आमच्याकडे मुलीच्या संघाचा कोच हंगामाच्या मधेच बदलला. नवीन सर शिकवायला जास्त चांगले होते, हे मी मनापासून सांगते. पण मुलींना कुणी काही सांगितलंच नाही. एका सोमवारी मैदानावर वेगळाच माणूस शिट्टी घेऊन उभा. माझी मुलगी आठवडाभर हेच विचारत होती की आपण हरलो म्हणून सरांना काढलं का. आपल्यामुळे एका माणसाचं काम गेलं असं चौदा वर्षांच्या पोरींना वाटणं बरं नाही. काहीही ठरवा, मुलींना समोर बसवून तुम्ही स्वतः सांगा. आणि जी मुलगी यायची बंद झाली तिच्या घरी आधी जा.

मिडफिल्ड:
थोडं वेगळं मत मांडतो. बदल नेहमी वाईटच असतो असं नाही. भारतीय पुरुष संघाचे तेव्हाचे कोच ग्रॅहम रीड यांनी टोकियोत जर्मनीला ५-४ ने हरवून ४१ वर्षांनी पदक आणलं, त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण २०२३ च्या विश्वचषकात आपण घरच्या मैदानावर नववे आलो आणि त्यांनी राजीनामा दिला. क्रेग फुल्टन आले, त्याच वर्षी हांगझोऊला सोनं, पुढच्या वर्षी पॅरिसला पुन्हा कांस्य. एखाद्या माणसाकडे देण्यासारखं होतं ते देऊन झालेलं असतं. तुमच्या सरांचं तसं झालं असेल तर नुसत्या कृतज्ञतेपोटी मुलींची दोन वर्षं घालवू नका. १७ वर्षांखालचा गट एकदाच मिळतो. त्यांना लहान मुलींची बॅच द्या. मूलभूत पुश (चेंडू ढकलणं), ट्रॅप (चेंडू अडवणं) शिकवायला असा माणूस शोधून सापडणार नाही. पण मानधन तेवढंच ठेवा, नाहीतर तो मान राहणार नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी वही घेऊन सरांच्या घरी गेले. काकूंनी चहा दिला. सरांनी चष्मा लावून सगळी पानं सावकाश वाचली, मधे एकदा उठून त्यांची स्वतःची डायरी घेऊन आले. त्यांच्याकडेही गोलांची नोंद होती, पण ती कोणी मारला, कोणाचा टॅकल चुकला अशी. कितव्या मिनिटाला, ते नव्हतं. बराच वेळ दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघत होते.

बदली खेळाडूंबद्दल म्हणाले, "त्या पाच जणींना सोडलं आणि गोल खाल्ला तर त्यांना आयुष्यभर लागेल, म्हणून सोडत नाही." मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी त्यांना यायची बंद झालेल्या मुलीच्या आईचं वाक्य सांगितलं. त्यावर काहीच बोलले नाहीत. निघताना विचारलं, "कमिटीने काय ठरवलंय?" मी खरं ते सांगितलं, की रविवारी मत घेणार आहेत. ते म्हणाले, "मग शनिवारी टर्फ मिळवा. सोळाही मुली खेळवतो, तुम्ही घड्याळ धरा."

बैठकीत मी आता तीन गोष्टी मांडणार आहे: पाच आठवड्यांनंतरची स्पर्धा सरांसोबतच खेळायची, आठवड्यातून दोनदा टर्फ घ्यायचं, आणि हंगाम संपल्यावर पुन्हा वही घेऊन बसायचं, तेव्हा सरही समोर असतील. मत विरोधात गेलं तर सांगायला मीच जाणार, पत्र जाणार नाही.

एक शेवटची मदत. दुसऱ्या दिवसाच्या टर्फचं भाडं पालकांकडून न घेता कसं उभं करता येईल? बऱ्याच मुलींच्या घरी शूजसाठीच ओढाताण असते. कुणी कंपन्यांकडून किंवा माजी खेळाडूंकडून पैसे जमवले असतील तर कसे मागितले, अर्जात काय लिहिलं, ते कृपया सांगा. आणि कॉर्नर थांबवायचा सराव सिमेंटच्या गुळगुळीत जमिनीवर घेतला तर टर्फची सवय थोडीफार लागते का? आमच्या शेजारच्या शाळेचं बास्केटबॉल कोर्ट संध्याकाळी मोकळं असतं.