ऑनलाइन मागवणारे बाजारबुडवे? मग या आमच्या तालुक्यात राहायला

वैनगंगा
पेठकर यांनी काल लिहिलं की ऑनलाइन मागवणारे सगळे बाजारबुडवे, दोन पावलं चालायचा आळस म्हणून गल्लीतल्या वाण्याच्या पोटावर पाय देतात. तिथेच उत्तर देणार होते, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

पेठकर, तुमच्या दारातून उतरलं की लक्ष्मी रोड. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीत राहते. इथे बायकांनी आतले कपडे घ्यायचे म्हणजे काउंटरवर काका, शिडीवर त्यांचा मुलगा, आणि स्टुलावर चहा पीत बसलेले ओळखीचे दोघेतिघे. काका साइज मोठ्याने विचारणार आणि 'हे सगळ्यांना बसतं' म्हणत एकच डबा पुढे सरकवणार. घालून बघायचं नाही, बदलून मिळणार नाही. माझ्या मुलीला हे सहन करावं लागत नाही याचं श्रेय मी त्या ॲपलाच देणार. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांच्या पायाला चालतील अशा मऊ चपलांसाठी चंद्रपूर नाहीतर नागपूर गाठावं लागायचं. लेकीची नीटची पुस्तकं इथला दुकानदार 'मागवून देतो' म्हणायचा आणि विसरायचा.

त्रास नाही असं नाही. पार्सल येतं, पण परत न्यायला कुणी येत नाही. 'तुमच्या पिनकोडला पिकअप नाही, स्वतः कुरिअर करा.' तरीही मी ऑनलाइनच घेणार.

पेठकर
ताई, चपला आणि आतले कपडे राहू द्या बाजूला. मी बोललो ते माझ्या भावासारख्यांबद्दल. त्याचं मिक्सर-कुकरचं दुकान आहे. लोक येतात, अर्धा तास भांडी चालवून बघतात, मॉडेल नंबरचा फोटो काढतात आणि दाराबाहेर पडायच्या आत दुसरीकडे ऑर्डर. महिन्याभराने जार गळायला लागला की तोच माणूस परत, 'जरा बघता का?' २०२० च्या लॉकडाऊनमध्ये उधारीवर किराणा कुणी दिला, ॲपने?

चिमटा
वाण्याने दिला. दुपारी एक ते चार सोडून.

पेठकर
आलाच हा विनोद. माणसाने जेवायचं नाही का?

निळी शाई
दोन्ही बाजूंना उत्साह फार आहे, म्हणून माझं ऐका. बहिणीच्या डोहाळजेवणासाठी एका साइटवर 'अस्सल येवला पैठणी' घेतली, अठराशे रुपयांना. फोटोत मोर असा की वाटलं आत्ता नाचेल. हातात आलं ते पॉलिस्टर. तक्रार केली तर म्हणे पार्सल उघडतानाचा व्हिडिओ दाखवा. आता मी काय कुरिअरवाला आला की शूटिंग लावू?

हातमाग
अठराशेला पैठणी? ताई, रागावू नका, पण अठराशेत त्या साडीचं रेशीमसुद्धा येत नाही. रेशीम बेंगळुरूकडून येतं, जरीचा धागा सुरतेहून, आणि वर विणणाऱ्याचे आठवडे. भरलेला पदर असेल तर महिने. पदर उलटा करून बघा: हातमागाच्या पैठणीचा मोर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो. मागे धागे लोंबत असतील तर ती यंत्रावरची. साडीतला एक धागा जाळून बघा, केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम, वितळून गोळी झाली तर तुमची अठराशेची.

निळी शाई
म्हणजे चूक माझी? 'अस्सल' मी लिहिलं होतं का? गिऱ्हाइकाने काडेपेटी घेऊन खरेदीला बसायचं?

हातमाग
चूक लिहिणाऱ्याचीच. पण स्वस्तात अस्सल हवं असलेलं गिऱ्हाईक नसतं तर त्याने लिहिलं नसतं. पैठणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. तरी आमच्या विणकराने दिवसभर मागावर बसायचं आणि त्याच नावाखाली यंत्रावरचा माल भारतभर जायचा.

चिमटा
आणि येवल्यातल्या दुकानांत यंत्रावरची विकतच नाहीत?

हातमाग
विकतात. काही जण 'सेमी' सांगून विकतात, काही जण न सांगता. झालं समाधान?

निळी शाई
झालं. म्हणजे बसने येवल्याला गेले असते तरी फसले असतेच.

कलमकसाई
पैठणी जरा घडी घालून ठेवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत लिहिल्यापेक्षा वेगळा असेल तर विक्रेत्याला परत घेणं नाकारता येत नाही. व्हिडिओ नाही म्हणून हा हक्क जात नाही. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायचं. नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन. ग्राहक आयोगात आपल्या राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

आणि पेठकर, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तुमच्या भावालाही लागू आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी आता उतरवायला सांगा.

पेठकर
भाऊ परत घेतो. पाटी वडिलांच्या काळातली आहे.

वैनगंगा
पाटी दिसते म्हणूनच गिऱ्हाईक माल परत आणत नाही, वडिलांना ते बरोबर कळलं होतं.

निळी शाई
कलमकसाई, माहितीबद्दल आभार. अठराशेसाठी आयोगाच्या तारखा घ्यायच्या म्हणजे रजाच अठराशेच्या वर जाईल. साइटवाल्यांना हे पक्कं माहीत आहे. १९१५ ला मात्र लावते फोन.

बारा_पार्सल
मी पार्सल पोचवतो, म्हणून मधे बोलतो. पिकअप नाही याचा राग आमच्यावर काढू नका, ते आम्ही ठरवत नाही. मे महिन्यात विदर्भाच्या उन्हात चौथ्या मजल्यावर जायचं, लिफ्टला पाटी 'डिलिव्हरी बॉयसाठी नाही', आणि वर गेल्यावर 'आता नको, कॅन्सल करा'. पाणी विचारणारी घरं मला तोंडपाठ आहेत, कारण थोडीच आहेत.

वैनगंगा
आमच्याकडे लिफ्टच नाही, पण पाणी आहे.

पेठकर
ठीक आहे. आतले कपडे, मधुमेहाच्या चपला आणि पुस्तकं एवढ्यापुरती वैनगंगाताईंना माफी. मिक्सर मात्र दुकानातूनच.

वैनगंगा
माफी देणारे तुम्ही कोण? आणि मिक्सर दुकानातूनच घेतला होता. दुरुस्तीला कंपनीच्या सेंटरला नागपूरला पाठवला दुकानदाराने, मीच भाडं भरलं.

निळी शाई
हातमाग, ते सगळं सोडा. खरी पैठणी तुमच्याकडे केवढ्याला, आणि बघायची कुठे?

हातमाग
नक्षीवर आहे. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, निम्मे पैसे आगाऊ, विणून झाली की कुरिअर.

चिमटा
म्हणजे ऑनलाइनच की! आणि नाही आवडली तर परत?

हातमाग
तुमच्या रंगात विणलेली साडी मी परत घेऊन कुणाला विकू?