सिल्व्हर बेस कोटचे ढगाळ पट्टे
गाडीच्या पॅनलवर सिल्व्हर बेस कोट (क्लिअरच्या आधीचा रंगाचा थर) मारताना पट्टे येतायत आणि गोल खड्डेही पडतायत म्हणालात ना, तर पट्ट्यांसाठी रंगाचा डबा बदलून काही होणार नाही, हात एका जागी रेंगाळतोय. मेटॅलिकमधे अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात, कोट जास्त ओला झाला की ते सरकून कसेही बसतात आणि तिथे गडद दिसतं. मी स्कूटरच्या साइड पॅनलवर हेच केलं होतं, घाईत जाड मारला आणि वाटलं क्लिअरखाली (वरच्या पारदर्शक थराखाली) झाकलं जाईल, कसलं झाकतंय, उलट पट्टे अजून उठून दिसायला लागले! आता पातळ कोट मारतो, ओली चमक जाऊन मॅट होईपर्यंत थांबतो, मग पुढचा, आणि शेवटचा हात जरा लांबून, धुक्यासारखा हलका. स्प्रे कॅन असेल तर आतली गोळी वाजायला लागल्यावरही दोनेक मिनिटं हलवा.

ते गोल खड्डे मात्र वेगळं प्रकरण, बहुतेक जुन्या पॉलिशमधलं सिलिकॉन. त्यावर परत रंग मारून भरत नाहीत. पूर्ण सुकू द्या, वॅक्स-ग्रीज रिमूव्हरने पुसा (लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने), मग 800 चा पाणी पेपर (पाणी लावून घासायचा बारीक सँडपेपर), परत पुसा. आणि पावसाळी दमट हवेत मारूच नका, रंग पांढरट पडतो.