अनुभव धागा : वॉर्डातल्या निर्णयात सिस्टरला कोण विचारतं?

रातपाळी :
काल 12 मे, परिचारिका दिन. केक, गुलाब, भाषण. भाषणात "निर्णयात तुमचाही वाटा हवा" आलं आणि मला आमची ट्रॉली आठवली. दहा वर्षं झाली, पुण्यातलंच एक हॉस्पिटल. औषधांच्या ट्रॉल्या घ्यायच्या म्हणून समिती नेमली, त्यात मी. मीटिंग दुपारी 3 ला. नाइट संपवून हडपसरला घरी जाऊन जेमतेम डोळा लागला होता, परत बस धरली. पोचले तर टेबलावर ट्रॉलीचा फोटो, खाली किंमत. पसंती आधीच झालेली! म्हटलं, सर, चाकं रबरी बघा, रात्री आवाज होतो. "नोंद घेतो." आली ती लोखंडी चाकांची. रात्री 2 च्या अँटिबायोटिकला निघालं की अख्खा वॉर्ड जागा. एक आजोबा म्हणायचे, "आली मालगाडी." शेवटी मावशींनी चाकांना चिकटपट्टी गुंडाळली.
तुमचं काय?

सही_इथे :
आमच्याकडे सह्या आधी, मीटिंग नंतर. एनएबीएचची (हॉस्पिटलला दर्जाची मान्यता देणारी संस्था) तपासणी आली की समित्या भूछत्रासारख्या उगवतात 😂

आयसीयू_ब्रदर :
एक चांगलं सांगतो. इनचार्जनी गणपतीतलं ड्युट्यांचं रोस्टर आम्हालाच करायला दिलं. दोन दिवस नुसती भांडणं. मग एकीने विचारलं, पेठेत राहतं कोण? विसर्जनाला लक्ष्मी रोड, टिळक रोड बंद, कात्रजवाली येणार कशी? पेठवाले चालत येऊन ती नाइट करणार, बदल्यात गौरींना त्यांना सुट्टी. वर बसून हे कुणाला सुचलं नसतं. पुढच्या वर्षी इनचार्ज बदलल्या, रोस्टर परत वरून.

निवृत्त_परिसेविका :
मी सरकारीत होते. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटांमागे एक नर्स हा नर्सिंग कौन्सिलचा निकष. आम्ही रात्री 40 खाटांना दोघी. मत द्यायला टेकायला तरी मिळायला हवं ना बाळांनो. आणि समितीवर घेतात तेव्हा जपून. काही चुकलं की "सिस्टरनीच ठरवलं होतं".

सही_इथे :
+1. शेवटचं वाक्य फ्रेम करा.

टेक्सासवाली :
इथे आमचं मॅग्नेट हॉस्पिटल (चांगल्या नर्सिंगसाठी मिळणारी मान्यता), युनिटची कौन्सिल आहे, म्हणजे वॉर्डातल्या नर्सेसचीच समिती. मोठा फरक एकच, कौन्सिलचा तास ड्युटीत धरतात, पगार मिळतो. तरी येणाऱ्या त्याच चौघी. बाकीच्या म्हणतात घरी पोरं आहेत.

कोथरूडकर :
मी नर्स नाही. आई ॲडमिट होती तेव्हा "कॅथेटर काढूया का" हे राउंडला सिस्टरनीच विचारलं. डॉक्टर "हो" म्हणाले. फाइलवर अर्थात डॉक्टरांचं नाव.

रातपाळी :
@आयसीयू_ब्रदर, पेठेचं डोकं भारीच. @परिसेविका ताई, दोघीत 40? जेवायचात कधी?

निवृत्त_परिसेविका :
डबा सकाळी परत न्यायचा. सासूबाईंना वाटायचं आमटी बिघडली.

आयसीयू_ब्रदर :
विषय सोडून विचारतो, नाइटला बूट कोणते घालता? टाचा गेल्यात.

सही_इथे :
एक नंबर मोठे घ्या. पहाटे 4 नंतर पाय सुजतात.